नवांचा ताळा

मोठ्या संख्येस लहान संख्येनें निःशेष भाग जातो कीं नाहीं, हें भागाकार न मांडतां सांगण्याची विद्या आमच्या वडील मंडळींस अवगत होती. आतां तें काम यंत्राकडे गेलें आहे व त्याबद्दल तक्रारीचें कारण नाहीं. परंतु यंत्र उत्तर देतें, कारण देत नाहीं; आणि ज्यास कारण ठाऊक आहे, त्यास ह्या कसोट्या गणिताच्या तासाबाहेरही उपयोगीं पडतात.

शेवटचा अंक सम असला तर दोहोंनीं, शून्य वा पांच असला तर पांचांनीं भाग जातो, हें लहान मूलही सांगेल. शेवटच्या दोन अंकांवरून चारांची व तीन अंकांवरून आठांची परीक्षा होते. कारण शंभरास चारांनीं व हजारास आठांनीं भाग जातोच, तेव्हां डावीकडील अंकांची चौकशी नको. नवांची कसोटी याहून मौजेची आहे. दहांतून नऊ वजा केले तर एक उरतो. शंभरांतून नव्याण्णव, हजारांतून नऊशें नव्याण्णव वजा केले तरी एकच. म्हणून संख्येंतील अंक कोणत्याही स्थानीं असो, नवांच्या दृष्टीनें तो आपल्या दर्शनी किंमतीचाच. ४,५७२ मधील अंकांची बेरीज १८. तिला नवांनीं भाग जातो, म्हणून मूळ संख्येसही जातो. अंकांनीं जागा बदलल्या तरी बेरीज तीच राहते. यास्तव मूळ संख्या व उलटलेली संख्या यांतील अंतरास नवांनीं नेहमीं भाग जातो.

छत्रपती संभाजीनगरास औरंगाबाद म्हणत, त्या काळची एक गोष्ट सांगतों. गुलमंडीजवळच्या आमच्या घरीं पंधरा-सोळा माणसें एका चुलीवर जेवत. खर्चाची वही थोरले काका लिहीत व पेटीच्या किल्ल्या धाकट्या काकूंकडे असत. एका महिनाअखेर पेटींत वहीपेक्षां ६३ रुपये कमी भरले. उघड कोणी बोललें नाहीं. पण काकूंनीं त्या रात्रीं किल्ल्या देवापुढें ठेवल्या व त्या जेवल्या नाहींत. आमच्या आत्याबाईंचें शिक्षण मराठी चौथीपलीकडे गेलेलें नव्हतें. रक्कम ऐकतांच त्या म्हणाल्या, "दादा, त्रेसष्टांत नऊ सातदां जातात ना? मग ज्या रकमेच्या दोन अंकांत सातांचें अंतर आहे, ती वहींत पाहा बरें." अठरा-एक्यायशीं, एकोणतीस-ब्याण्णव, अशा जोड्या त्या किती असणार! थोड्याच वेळांत सांपडलें. वाण्यास दिलेले ९२ रुपये वहींत २९ असे उतरले होते. काका कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं मात्र किल्ल्यांबरोबर वहीही काकूंच्या हवालीं झाली.

येथें एक विवेक राखला पाहिजे. फरकास नवांनीं भाग जाणें हें योगायोगानेंही घडतें. त्यानें केवळ शोधाची दिशा दाखविली, निकाल वाण्याच्या पावतीनें दिला. शिवाय नुसता नवांचा ताळा पाहिला असता तर ही चूक दिसलीच नसती, कारण २९ व ९२ या दोहोंच्या अंकांची बेरीज ११ च. अशा ठिकाणीं अकरांची कसोटी लावावी: उजवीकडून एक अंक मिळवावा, पुढचा वजा करावा, असें करीत जावें. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल तींत उघडी पडते.

ह्या अंकांच्या बेरजेंतच देवळालीचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांस आनंद सांपडला. ज्या संख्येस तिच्याच अंकांच्या बेरजेनें निःशेष भाग जातो, तिला त्यांनीं 'हर्षद' असें नांव दिलें. २०२२ ते २०२५ हीं चारही वर्षें हर्षद होतीं. घरांतील मुलांनीं ताडून पाहावें. मात्र नियम पाठ करविण्यापूर्वीं, दहांतून नऊ गेले म्हणजे काय उरतें, हें वडील माणसांनीं त्यांच्याकडूनच वदवून घ्यावें.