केओंझर ते सरायपाली, विकेट नाही

बदलापूर गेलं की कर्जत लोकल सैल होते. उभे असलेले बसतात, बसलेले पाय पसरतात. परवा समोरच्या बाकावर एक अंध विक्रेता येऊन बसला. दिवसाचा धंदा आटोपलेला, कीचेन आणि मोबाइलची कव्हरं पिशवीत भरलेली. गाडीनं सांधा बदलताना हिसका दिला आणि पिशवी खुळखुळली. पोरासाठी खुळखुळा घेतलाय का, मी विचारलं. तो हसला. "बॉल आहे दादा. क्रिकेटचा."

पांढरा, कडक प्लास्टिकचा, आत छर्रे. वांगणी येईपर्यंत त्यानं नियम सांगितले. बॉलर "रेडी?" विचारणार, बॅट्समन "येस" म्हणणार, मग "प्ले" असं ओरडून हाताखालून चेंडू सोडायचा. अर्ध्या पिचच्या आत त्यानं एकदा तरी जमिनीला टेकायचं. संघात पूर्ण अंध निदान चार, आणि त्यांची प्रत्येक धाव दुप्पट. पूर्ण अंध फील्डरनं एका टप्प्यानंतर झेल घेतला तरी आउट. म्हणजे आमच्या वाडीतलाच कायदा, फक्त त्यांच्याकडे तो छापील आहे. 1922 साली मेलबर्नमध्ये कारखान्यातल्या दोन अंध कामगारांनी पत्र्याच्या डब्यात खडे भरून हा खेळ काढला. 1998 मध्ये दिल्लीत त्याचा पहिला विश्वचषक झाला. वांगणीत अंधांची बरीच कुटुंबं आहेत. इथं खोली परवडते आणि धंदा लोकलमध्येच. संध्याकाळी स्टेशनच्या जिन्यावर पांढऱ्या काठ्यांची टकटक आम्हाला नवी नाही. पण हा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

मी चेंडू परत दिला. उतरल्यावर डोक्यात मात्र आजी खुळखुळत राहिली.

आजीचा एक डोळा काचबिंदूनं गेलेला, दुसऱ्यावर मोतीबिंदू. तरी आमच्या घरात क्रिकेट कळायचं ते तिलाच. बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनावर ती तयार झाली होती. फाइन लेग कुठं आणि थर्डमॅन कुठं हे ती पोळपाटावर लाटणं ठेवून दाखवायची. टीव्ही आल्यावर तिची तक्रार एकच होती. "दिसतंय तर मग बोलतात कशाला?" आणि खरंच, टीव्हीवरचे समालोचक माणूस अर्ध्या वाटेत सोडून देतात, असं मलाही वाटतं. रेडिओवाल्याला ती चैन नसते. त्याला ढगसुद्धा सांगावे लागतात.

आप्पाकाका अंबरनाथच्या ऑर्डनन्समध्ये होते. तिथून बदली होऊन ते बंगालमध्ये इशापूरच्या रायफल फॅक्टरीत गेले आणि निवृत्त व्हायच्या बेताला त्यांनी तिथंच एक जुनी अँबॅसॅडर घेतली. हुगळीपलीकडे उत्तरपाड्याला ती बनते, तर माहेराहूनच आणावी, असा त्यांचा हिशेब. 2001 च्या मार्चमध्ये काका-काकूंना आणि गाडीला घरी आणायला आम्ही कल्याणहून गीतांजलीनं निघालो. आई, बाबा, आजी, मी आणि माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा, जो शिक्षणासाठी आमच्याकडे राहायचा. मार्चच का, परीक्षा तोंडावर असताना? कारण ईडन गार्डन्सवर ऑस्ट्रेलियाची कसोटी होती. आईनं आक्षेप घेतला तेव्हा आजी म्हणाली, "मला कालीमातेला जायचंय." कालीमातेपुढं कोण बोलणार.

पहिल्या दिवशी आम्ही सगळे ईडनवर. हरभजननं पाँटिंग, गिलख्रिस्ट आणि वॉर्न यांना लागोपाठ उडवलं, कसोटीतली भारताची पहिली हॅटट्रिक. लाखभर माणूस उभं राहिलं आणि त्या गदारोळात आजी बाबांचा सदरा ओढत होती. "काय झालं? अरे, काय झालं? इथं काही कळत नाही. कुणी सांगतच नाही!" शेजारच्या बंगाली गृहस्थांनी आपला ट्रान्झिस्टर न बोलता तिच्या मांडीवर ठेवला. पुढचा सगळा दिवस ती मैदानात बसून रेडिओ ऐकत होती.

हा आजीचा चक्रमपणा, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. दादा आता न्यू जर्सीत असतो, एडिसनला. त्याच्याकडून कळलं की 1958 मध्ये डॉजर्स हा बेसबॉलचा संघ ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला गेला, तेव्हा कोलिझियमच्या अवाढव्य मैदानात लोक ट्रान्झिस्टर घेऊनच यायचे. समालोचक व्हिन स्कली सांगेल तेव्हा पटायचं, डोळ्यांनी पाहिलं तेव्हा नाही. हा गृहस्थ डॉजर्ससाठी 67 हंगाम बोलला. आजीला तो आवडला असता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भारत आठ बाद 128. समोर ऑस्ट्रेलियाच्या 445. स्टीव्ह वॉचा संघ सलग सोळा कसोट्या जिंकून आलेला. आप्पाकाकांनी इशापूरला परत येताना सियालदाहच्या लोकलमध्येच जाहीर केलं, "उद्या पहाटे निघू. मॅच गेली. उगाच उन्हात बसून आणखी एक दिवस कशाला घालवा." कुणी हरकत घेतली नाही. तिसऱ्या दिवशी खडगपूरच्या अलीकडेच पहिला डाव 171 वर आटोपला आणि वॉनं फॉलोऑन दिला. काकांनी आरशातून मागं पाहिलं. बघा, मी सांगितलं होतं ना, अशा चेहऱ्यानं.

त्या दिवशी केओंझरला मुक्काम. चार बाद 254. लक्ष्मण 109 वर खेळत होता, सोबत द्रविड. आमच्या घरात तोवर आशा कुणालाच नव्हती.

14 मार्चची सकाळ. गाडी जुनी, गिअर स्टिअरिंगला, त्यामुळे पुढं तिघं बसायचे. काका, बाबा आणि मधे मी, मांडीवर ट्रान्झिस्टर. मागं आजी, आई, काकू, दादा आणि इशापूरच्या सात वर्षांतली भांडी. राष्ट्रीय महामार्ग सहा म्हणजे तेव्हा खड्ड्यांना जोडणारी डांबराची पट्टी. दोन्हीकडे साल आणि मोहाची झाडं, मधेच खनिजाचे लाल ट्रक. आकाशवाणी हिंदीतून इंग्रजीत, इंग्रजीतून हिंदीत. मिडियम वेव्हच्या ट्रान्झिस्टरच्या पोटात तार गुंडाळलेली एक काळी कांडी असते. ती केंद्राला आडवी असली की आवाज खणखणीत, टोक केंद्राकडं झालं की आवाज मेला. घाटात रस्ता सतत वळणारा. गाडी डावीकडे वळली की मी ट्रान्झिस्टर उजवीकडे फिरवायचो, उजवीकडे वळली की डावीकडे. काका स्टिअरिंग फिरवायचे आणि त्यांच्या उलट मी. अशानं कटक केंद्र सुटलं आणि संबलपूर केंद्र सापडलं.

पुढचं गाव देवगढ, असं काका म्हणाले. आजी मागून म्हणाली, "हापूस असेल तर बघा."

देवगढ गेलं आणि टायर पंक्चर झालं. विकेट पडलेली नव्हती. जॅक लावायचा म्हणजे माणसांनी उतरायला हवं, आणि आजी उतरेना. "मी हलले आणि तो गेला तर?" मग कुणीच हलेना. जिचा क्रिकेटशी काडीचा संबंध नाही ती आईसुद्धा पदर आवरून बसून राहिली. शेवटी काका आणि बाबा तेवढे उतरले. आम्ही, भांडी आणि द्रविड-लक्ष्मण आत असताना त्यांनी ती गाडी उचलली. वाटेत थांबलेला एक सरदारजी ट्रकवाला हे बघून आधी चिडला, मग आकडा ऐकून स्वतःच जॅकच्या दांड्याला लागला. जाताना म्हणाला, "माताजी को मत उतारना."

लंच, विकेट नाही. चहापान, विकेट नाही. संबलपूरला महानदी ओलांडली तेव्हा हिराकूड बघायचं आधी ठरलेलं कुणी काढलंच नाही. लक्ष्मणनं दोनशे केले. बरगढच्या पुढं कधीतरी गावसकरांचं नाबाद 236 मागं पडलं. 1983 पासून ते भारतीयांमधलं सर्वोच्च होतं. समालोचकाचा आवाज बसला होता. वॉ हेडनला, स्लेटरला, अगदी लँगरलाही चेंडू देत होता. काकू म्हणाली, "यष्टीरक्षकालाही द्या म्हणावं." काका गप्प. ते परवा जिथं होते त्याच्या बरोबर उलट दिशेला तासाला चाळीसच्या वेगानं जात होते, आणि कलकत्ता जसजसं लांब जात होतं तसतसा सामना जवळ येत होता.

सरायपालीच्या लॉजवर पोचलो तेव्हा चार बाद 589. दिवसभरात 335 धावा आणि आउट कुणी नाही. लक्ष्मणची पाठ धरलेली होती आणि द्रविडच्या अंगात ताप होता, हे नंतर वाचलं. लोक 281 म्हणतात, आणि ते म्हणायलाच हवं. पण बाबांचा कल द्रविडच्या 180 कडे, आणि माझाही. वॉर्नला लेगस्टंपबाहेरच्या खडबडीतून पुढं सरसावून मारलेले लक्ष्मणचे फटके मी पुढे कितीदा तरी पडद्यावर पाहिले. ते मनगट सुंदरच आहे. तरी खरं सांगू? मोहाच्या झाडांमधून ऐकलेला फटका थोडा जास्त लांब गेला होता.

पाचवा दिवस छत्तीसगडातून. ते राज्य तेव्हा नवंकोरं, पाट्यांवर कुठं कुठं अजून मध्य प्रदेशच होता. रायपूर, राजनांदगाव, मग देवरीला महाराष्ट्र. सात बाद 657 वर डाव सोडला, चहापानाला ऑस्ट्रेलिया तीन बाद 161, आणि मग एकाच सत्रात सगळं. सचिननं गिलख्रिस्ट, हेडन, वॉर्न काढले, बाकीचं हरभजननं. 171 धावांनी विजय. फॉलोऑन घेऊन कसोटी जिंकण्याची ती क्रिकेटच्या इतिहासातली तिसरीच वेळ. मॅग्राची शेवटची विकेट पडली तेव्हा आम्ही साकोलीत होतो असं दादाचं म्हणणं. मी म्हणतो लाखनी. चहावाल्यानं पैसे घेतले नाहीत, यावर दोघांचं एकमत आहे.

काकांना मात्र तो विषय नंतर चालायचा नाही. वांगणीत त्या गाडीला पोरं 'बंगाली' म्हणायची, पाटीवरच्या डब्ल्यूबीमुळे. महाराष्ट्राचा नंबर घ्यायला गेलेले कागद बरेच दिवस फिरत राहिले. तेवढ्यात गंज खालून वर चढला.

दादा आता त्याच्या लेकीला घेऊन लांब लांब ड्राइव्ह करतो, गाडीत रेडिओवर बेसबॉल. माझ्या डोक्यात तो खेळ शिरत नाही. एवढं कळतं की त्यात निवांतपणा आहे, किंवा होता. 2023 पासून त्यांनी पिचरपुढं घड्याळ लावलं, ठरल्या सेकंदांत चेंडू टाक म्हणून. दादा त्यावर चिडलेला असतो. समालोचकाला गोष्ट सांगायला आता फटच मिळत नाही, म्हणतो. यात मी पूर्णपणे त्याच्या बाजूला.

या डिसेंबरात तो येतोय, आणि त्याला तोच रस्ता पुन्हा करायचाय, वांगणी ते कलकत्ता. रस्ता आता चौपदरी, नंबरही बदलले, सहाचा त्रेपन्न झाला आणि केओंझरकडे एकोणपन्नास. मी काकूला विचारलं, येणार का. ती मेथी निवडत होती.

"मॅच आहे का तिकडे?"

"नाही."

"मग नुसता रस्ता बघायला कोण येतं रे?"