मागावर परत आलेली साडी

वेन्डेल रॉड्रिक्स हे नाव आपल्या उत्तन-डोंगरीकडे फारसे कुणाला ठाऊक नसावे. १९६० साली जन्मलेला, माहीमला वाढलेला हा गोवेकर कॅथोलिक मुलगा प्रथम केटरिंग शिकला, नोकरीसाठी मस्कतला गेला आणि साठवलेल्या पैशांवर लॉस एंजेलिस व पॅरिस येथे वेशभूषेचे शिक्षण घेऊन परतला. पुढे स्त्रियांच्या साध्या, सैल, अंगाला न काचणाऱ्या पोशाखांमुळे त्यांचे नाव देशभर झाले. पॅरिसपर्यंत प्रदर्शने झाली, २०१४ मध्ये ‘पद्मश्री’ मिळाली. हे सारे वर्तमानपत्रांतून आलेच आहे.

मला मोलाचे वाटते ते त्यांचे कुणबी साडीचे काम. गोव्यातील कुणबी-गावडा स्त्रिया शेतात राबताना जी आखूड, जाड सुताची, लाल चौकटींची साडी खांद्यावर गाठ मारून नेसत, ती दिसेनाशी होत चालली होती. वस्त्र नेसणारी माणसे कमी झाली की विणकर माग सोडतो आणि विणकर गेला की हौस असूनही कुणाला ते मिळत नाही. वेन्डेल यांनी ती साडी पुन्हा विणून घेतली. लांबी वाढवली, रंग सौम्य केले आणि २०१० च्या सुमारास ती थेट दिल्लीच्या फॅशन सोहळ्यात नेली. शेतकरणीचे वस्त्र श्रीमंतांच्या अंगावर चढवले, असे कुणी म्हणेल. म्हणो बापडे! मागावर सूत चढले, हे मला पुरेसे आहे.

गोव्याच्या वेशभूषेचा इतिहास सांगणारा त्यांचा ‘मोडा गोवा’ हा ग्रंथ २०१२ मध्ये आला. त्याच नावाच्या संग्रहालयासाठी त्यांनी कोलवाळचे आपले जुने घर दिले आणि २०१६ मध्ये व्यवसायातून निवृत्ती पत्करली. संग्रहालय पुरे होण्याआधीच, १२ फेब्रुवारी २०२० रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी ते गेले.

आपल्या धर्मग्रामातही सणाच्या मिस्सेला लुगडे नेसून येणाऱ्या आजीबाई आता बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या आहेत. नवऱ्या मुलींचे पांढरे गाऊन भाड्याने येतात आणि सोमवारी परत जातात. त्यांतील एका आजीला मी परवा विचारले, “बाय, हे लुगडे हल्ली कुठे मिळते?” ती म्हणाली, “मिळत नाय, फादर. माझ्याकडे दोनच हायत. एक हे, नि दुसरे पेटीत घालून न्यायला ठेवलेय.”