नावाचा रकाना

आपल्याकडे गवयाच्या तोंडी गुरूचं नाव आलं की हात आपोआप कानाच्या पाळीकडे जातो. जॅझमध्ये ही रीत नाही. तिथे आपलं माणूस गेलं की त्याच्यासाठी धून रचतात, आणि मागून येणारे ती वाजवत राहतात.

लेस्टर यंग गेला तो 15 मार्च 1959 रोजी. चपट्या माथ्याची टोपी घालायचा, सॅक्सोफोन तिरका धरायचा, आणि फुंकर अशी मऊ की वाद्य धातूचं आहे हे विसरायला व्हावं. दोन महिन्यांच्या आत चार्ल्स मिंगसने त्याच्यासाठी ‘गुडबाय पोर्क पाय हॅट’ ही धून ध्वनिमुद्रित केली. शीर्षकात यंगचं नावही नाही, नुसती टोपी आहे. साचा ब्लूजचाच, पण खालचे कॉर्ड मिंगसने इतके दाट विणलेत की रोजचा रस्ता धुक्यात अनोळखी वाटावा तसं होतं. त्या धुक्यातून जॉन हँडीचा टेनर सॅक्सोफोन येतो, आणि एका जागी त्याचा सूर थरथरतो. हुंदका आवरताना आवाज थरथरतो, अगदी तसा.

गेल्या पावसाळ्यात मुंबईतल्या एका लहानशा सभागृहात ही धून समोर बसून ऐकली. जेमतेम पन्नास खुर्च्या, खिडक्यांवर पाऊस. टेनर वाजवणारा मुलगा तिशीतला असेल, समोर कागद नव्हता. धून त्याने अगदी साधी, जवळजवळ कुजबुजल्यासारखी वाजवली. सोलोत मात्र त्याने यंगची नक्कल केली नाही, हँडीचीही नाही. थरथरणारी ती जागा आली तेव्हा तो थांबला. दोन मात्रा नुसती शांतता ठेवली आणि पुढे गेला. ज्यांना ती जागा पाठ होती त्यांना ती त्या शांततेतच ऐकू आली. संपल्यावर माइकपाशी येऊन त्याने तीन नावं घेतली: यंग, मिंगस, हँडी. मग साथीदारांची. आपलं नाव सांगायचं राहूनच गेलं.

आदरांजलीची मैफल मला अशी हवी. 2014 साली अमेरिकेतल्या एका चमूने माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही अख्खी रेकॉर्ड सुरासुरानिशी, श्वासाश्वासानिशी पुन्हा वाजवून प्रसिद्ध केली. त्यामागची मेहनत अफाट आहे आणि ती मी मानते. पण ऐकताना जीव गुंतत नाही. पितरांच्या तसबिरीला हार घालावा, तसबिरीची तसबीर काढून काय मिळणार?

मुंबईतल्या त्या मैफलीच्या रात्री घरी येऊन संगणकावरच्या संग्रहातून मिंगसची रेकॉर्ड काढली. पडद्यावर अक्षरं उमटली: कलाकार, चार्ल्स मिंगस. हँडीचं नाव कुठेही नव्हतं. ज्या सुराने मला वीस वर्षं सोबत केली, त्याच्या धन्याचं नाव माझ्याच घरात नव्हतं.

सीडीवरून गाणी संगणकावर उतरवताना नावं आपोआप भरली जातात. कलाकाराच्या रकान्यात एक नाव, बहुधा प्रमुखाचं. वर्षाच्या रकान्यात अनेकदा नव्या आवृत्तीचं साल. म्हणून 1959 ची रेकॉर्ड 1997 ची होऊन बसते. एकट्या गायिकेच्या अल्बमला हे चालून जातं. जॅझ मात्र कुणा एकाचं नसतंच. ‘काइंड ऑफ ब्लू’त कोल्ट्रेन आहे, कॅननबॉल ॲडर्ली आहे, बिल एव्हन्स आहे, एका रचनेपुरता विंटन केली आहे, पॉल चेंबर्सचा बास आहे आणि जिमी कॉबचे ड्रम्स. कॉब या सगळ्यांच्या मागे उरला आणि 2020 च्या मे महिन्यात गेला. त्याला एका रकान्यात कुठे बसवायचं?

तेव्हापासून रोज रात्री जेवणं झाली की तासभर मी हेच करते. एकेक अल्बम उघडायचा, सीडीच्या पुस्तिकेतली नावं वाचायची, प्रत्येक वाद्यापुढे माणूस लिहायचा. ध्वनिमुद्रणाचं साल वेगळं, प्रकाशनाचं वेगळं. ‘काइंड ऑफ ब्लू’पुढे तर एक जादा ओळ आहे. पहिल्या दिवशी मुद्रण करणारं यंत्र किंचित मंद चाललं होतं, त्यामुळे रेकॉर्डची पहिली बाजू तीसेक वर्षं थोड्या चढ्या स्वरात वाजत राहिली. नंतरच्या आवृत्तीत ती दुरुस्त झाली. माझ्याकडे दोन्ही आहेत आणि कुठली कोणती हे लिहिलेलं आहे. चढ्या स्वरातलीही मी पुसणार नाही. एका पिढीने तीच खरी मानून तिच्यावर जीव टाकला होता.

फाइली फ्लॅकमध्ये ठेवते. एमपीथ्री जागा वाचवते, पण फार आवळली की झांजेचा विरत जाणारा नाद वाळू घसरल्यासारखा होतो. फ्लॅक मूळ आवाजातलं काही टाकत नाही, शिवाय आवाजाचा एक ठसा फाइलमध्येच नोंदून ठेवते. तपासताना तो जुळला नाही की समजायचं, आत काहीतरी बिघडलंय. दोन वर्षांपूर्वी एका डिस्कमधून टकटक सुरू झाली आणि तिसऱ्या दिवशी ती कायमची मिटली. तेव्हापासून तीन प्रती असतात. तिसरी नाशिकला बहिणीकडे, साड्यांच्या कपाटात.

पण प्रती असून भागत नाही. 29 नोव्हेंबर 1957 रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये थेलोनियस मंकबरोबर कोल्ट्रेन वाजला. व्हॉइस ऑफ अमेरिकाने ते मुद्रित केलं आणि फिती लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पोचल्या. तिथे त्या सुखरूप होत्या. जुन्या फिती डिजिटल करण्याचं काम चालू असताना 2005 साली लॅरी ॲपलबॉम यांच्या हाती त्या लागल्या आणि जगाला तो आवाज मिळाला. 47 वर्षं आवाज शाबूत होता. आत कोण आहे, एवढंच कुणाच्या लक्षात नव्हतं.

हँडीचं नाव लिहिलं आणि दुसरा एक अल्बम त्याच्याशेजारी येऊन बसला: ‘करुणा सुप्रीम’, 1975. हँडीचा सॅक्सोफोन, अली अकबर खाँसाहेबांचा सरोद, तबल्यावर विशीतले झाकीर हुसेन. शीर्षकातच कोल्ट्रेनच्या ‘अ लव्ह सुप्रीम’ला नमस्कार आहे. डिसेंबर 2024 मध्ये झाकीरभाई गेले त्या रात्री मी संग्रहात त्यांचं नाव शोधलं होतं, तेव्हा हा अल्बम समोर आला नव्हता. रकान्यात ते नव्हतेच. ती रात्र याच्याविना गेली याची हळहळ अजून आहे.

मग हात आपल्या अंगणाकडे वळला. ‘अलबेला’, 1951. संगीत पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं. सिनेमात ट्रम्पेटसह जो बँड दिसतो तो चिक चॉकलेटचा, म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याच्या अँतोनियो झेवियर वाझ यांचा. मुंबई त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायची. माझ्या फाइलीत लताबाई होत्या, चितळकर, म्हणजे गायक सी. रामचंद्र, होते, चिक नव्हते. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गोव्याची माणसं ओळीने बसायची, नोटेशन वाचायची, वाजवायची आणि शेवटची लोकल गाठायची. पडद्यावर नाव क्वचित. संगीतकार प्यारेलालजींनी आपले व्हायोलिनचे गुरू, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, यांचं नाव 1977 साली एका गाण्यात घातलं. देश त्या नावावर नाचला. हे खरंखुरं माणूस आहे, मास्तर आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. माझ्या लेखी हिंदी सिनेमातली ती सर्वांत मोठी आदरांजली आहे.

आता चिक यांचं नाव शोधलं की ‘अलबेला’ येतो. पण त्यातल्या गाण्यांत मागे सॅक्सोफोन कुणाचा, ड्रम्सवर कोण, ते रकाने अजून मोकळे आहेत.

गिरगावात, वांद्र्याला, म्हापशाला, पुण्याच्या कँपात अजून अशी घरं आहेत जिथे माळ्यावर कॅसेटींचा खोका आहे, आणि ‘हा ट्रम्पेट आमच्या मामांचा’ असं सांगणारं कुणीतरी आहे. ते घर तुमचं असेल तर कॅसेट संगणकावर उतरवणं सवडीने करा. मामांचं नाव मात्र आजच लिहून ठेवा.