टार्गेट हुकलेल्या मुक्ताला

चि. मुक्ता,


काल रात्री साडेअकराला फोन केलास. “आत्या, मार्च संपला, टार्गेट नाही झालं,” म्हणालीस आणि पुढे बोलवेना तुला. आज एक एप्रिल, बँकेचं काउंटर बंद. सवडीनं वाच.

शाखाधिकारी असताना मीही एका मार्चमध्ये विम्याच्या आकड्यामागे धावत होते. एक निवृत्त गुरुजी मुदतठेव रिन्यू करायला आले. मी त्यांच्या गळ्यात पॉलिसी मारली. आकडा झाला, वरिष्ठांच्या व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये माझं कौतुक झालं. वर्षभरानं बायकोच्या ऑपरेशनसाठी ते पैसे मागायला आले, तर रक्कम पाच वर्षांसाठी अडकलेली. “मॅडम, तुम्ही म्हणालात म्हणून घेतली,” इतकंच बोलले. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत हेच अवाढव्य प्रमाणावर झालं. एकेका ग्राहकाला आठ-आठ योजना विकायचा धोशा होता. कर्मचाऱ्यांनी लोकांना न विचारताच लाखो खाती उघडली. २०१६ मध्ये बँकेला साडेअठरा कोटी डॉलर दंड झाला, तोवर सुमारे ५,३०० जणांच्या नोकऱ्या गेल्या होत्या.

मग टार्गेटला सामोरं जायचं कसं? ट्रेनिंगमध्ये सकारात्मकता म्हणजे टाळ्या पिटून ‘हो जाएगा’ म्हणणं. पण सकारात्मक मानसशास्त्रात ज्यांचं नाव आदरानं घेतात, ते सी. आर. स्नायडर आशेचे दोन भाग सांगतात: पोहोचायची जिद्द आणि पोहोचायच्या वाटा. तुझ्याकडे जिद्द पोतंभर आहे. वाटा सुचेनात, की मग रात्री साडेअकराला रडू येतं.

वाटा कशा सापडतात? मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांनी ध्येयांचे दोन प्रकार मांडले. एक, स्वतःला सिद्ध करण्याचं, दुसरं, शिकण्याचं. पहिल्यात आकडा हुकला की ‘मीच कमी पडले’ वाटतं. दुसऱ्यात माणूस विचारतो, ‘घोडं अडलं कुठं?’

गुरुजींच्या प्रसंगानंतर मी हे विचारायला लागले. पीककर्जाची वसुली का होत नाही? सोयाबीन विकलं जातं दिवाळीच्या आगेमागे आणि आम्ही दारात उभे मार्चात! तोवर पैसा उसनवारीत, लग्नात, रब्बीच्या खतात गेलेला. पुढच्या वर्षी दिवाळी होताच गावं फिरले. टार्गेट तेव्हाही पुरतं झालं नाही, पण वर्षानुवर्षं तोंड चुकवणारे शेतकरी कर्जाचं नवं-जुनं करायला स्वतःहून आले.

आता नवा आकडा येईल. तो फळ्यावर लिहिशील तेव्हा शेजारी हेही लिही: यंदा आपल्याला काय समजून घ्यायचंय? शिपायापासून सगळ्यांना विचार. गावाची खबर त्यालाच जास्त असते.

आणि कुणी म्हातारं माणूस ठेव रिन्यू करायला आलं, तर ठेव रिन्यूच करून दे.

तुझी,
आत्या