मुलाच्या कमरेला पिस्तूल

ईदच्या नमाजनंतर मुलाला गळाभेट देताना माझ्या पोटाला काहीतरी टणक लागलं. मोबाइल असेल असं वाटलं. दुसऱ्या खांद्याला मिठी मारली, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तोच थोडा बाजूला झाला आणि हळूच म्हणाला, "अब्बा, घरी गेल्यावर सांगतो."

गोष्ट २०१९ च्या जूनमधली, ह्यूस्टनच्या बाहेरच्या एका वस्तीतली. रमजान मुलाकडे करायचा म्हणून आम्ही दोघं गेलो होतो. नमाजला तो आमच्या सफेत दिसला नव्हता, उशीर झाला असेल असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तो दाराशी उभा होता. मशिदीच्या स्वयंसेवकांच्या पाळ्या लागलेल्या असतात. ज्याची पाळी असेल तो पहिल्या जमातीबरोबर नमाज पढत नाही, दाराकडे तोंड करून उभा राहतो आणि मागाहून दुसऱ्या जमातीत पढतो. मला सलातुल खौफ आठवली. लढाईत अर्ध्यांनी नमाज पढायची आणि अर्ध्यांनी पहारा द्यायचा, मग अदलाबदल. लहानपणी मदरशात हे शिकताना उंट, वाळवंट, तलवारी असं काहीतरी डोळ्यांसमोर यायचं. पार्किंगमध्ये उभ्या टोयोटांच्या रांगा कधी आल्या नव्हत्या.

घरी आल्यावर त्याने ते टेबलावर ठेवलं. आधी मॅगझिन काढलं, स्लाइड मागे ओढून आतली गोळी बाहेर काढली, नळीत बोट घालून पाहिलं आणि मगच माझ्यापुढे सरकवलं. ग्लॉक ४३ एक्स. त्या वर्षी जानेवारीत बाजारात आलेलं मॉडेल. वरचा भाग चंदेरी, खालची मूठ काळ्या प्लॅस्टिकची. लांबी साडेसहा इंच, जाडी जेमतेम एक इंच, मॅगझिनशिवाय वजन ४६५ ग्रॅम. म्हणजे अर्धा किलो साखरेच्या पुडीपेक्षा कमी. आत नऊ मिलिमीटरच्या दहा गोळ्या.

माझं पहिलं मत असं झालं की हे खेळणं आहे. दुसरं मत मी त्याला ऐकवलं, ते इथे लिहीत नाही. ही स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि ईदच्या दिवशी आवाज चढवू नका म्हणाली.

माझा राग कुठून येत होता ते सांगतो. दापोली तालुक्यात आमच्या घरी बंदूक होती. ठासणीची, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. ओटीवर खुंटीला टांगलेली असे, येणाराजाणारा बघे. दारू ओतायची, चिंध्या कोंबायच्या, छर्रे टाकायचे, गजाने ठासायचं. एक बार उडवून दुसरा भरेपर्यंत डुक्कर शेजारच्या गावात पोचलेलं असे. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची, हा घरातला एक सणच होता. १९९२ च्या डिसेंबरात निवडणूक नव्हती. तरी माझ्या अब्बांनी ती बंदूक एका पोत्यात गुंडाळली आणि स्वतःहून जमा करून आले. कोणी मागितली नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, "उद्या कोणी झडतीला आलं तर डुकरासाठी आहे हे कोणाला सांगत बसू?" ती परत आणायला ते कधी गेले नाहीत. पुढची दोन वर्षं डुकरांनी कणगं उकरून खाल्ली.

आपल्या घरात हत्यार नसणं हेच आपलं संरक्षण, हे मी त्या पोत्याबरोबर शिकलो. आणि माझा मुलगा शर्टाखाली पिस्तूल लावून ईदला उभा होता.

त्याने वाद घातला नाही. "शनिवारी माझ्याबरोबर रेंजवर चला," एवढंच म्हणाला. मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, थोडी उत्सुकताही होती.

पण तिथे एक अडचण निघाली. अमेरिकेत गल्लोगल्ली बंदुका मिळतात असं आपण ऐकतो, आणि टेक्साससाठी ते फारसं खोटंही नाही. मात्र पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा गोळी नुसती हाताळणंसुद्धा तिथल्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे एखाद्या राज्याचा शिकारीचा परवाना जवळ असणं. शिकार केलीच पाहिजे असं नाही, परवाना असला म्हणजे झालं. बरेच लोक हे न बघताच पाहुण्यांना रेंजवर नेतात म्हणे. मुलगा ग्रीन कार्डवर, नियमाच्या बाबतीत माझ्या अब्बांवर गेलेला. त्याने ४८ डॉलर भरून मला पाच दिवसांचा परवाना काढून दिला. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना त्यासाठी शिकारीचा अभ्यासक्रम करावा लागतो. माझा जन्म १९५८ चा, सुटलो. टेक्सासमध्येही रानडुकरांचा उच्छाद आहे. डुकरांच्या नावाने माझ्या वडलांना परवाना मिळाला आणि त्यांच्याच कृपेने मलाही, असं म्हणायला हरकत नाही.

रेंज म्हणजे एक लांबट, थंडगार गोदाम. काउंटरवर पासपोर्ट आणि परवाना दाखवला, चार पानांवर सह्या केल्या, डोळ्यांना चष्म्यावर दुसरा चष्मा, कानांवर कर्णफुलांसारखे गोळे. एकामागे एक दोन दरवाजे. दुसरा उघडला तेव्हा शेजारच्या कप्प्यात कोणीतरी रायफल चालवत होतं. तो आवाज कानांनी ऐकला असं म्हणता येणार नाही, छातीने ऐकला.

मुलाने नियम सांगितले. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची. तोंड कायम समोर. निशाण धरून झाडायचं ठरेपर्यंत बोट चापावर नाही. त्याने मला मॅगझिन भरायला दिलं. सात गोळ्या सहज गेल्या, आठवीला अंगठा दुखला, दहावी त्याने भरली.

हातात घेतल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती मुठीची. याच कंपनीचं आधीचं ४३ हे मॉडेल २०१५ चं, सहा गोळ्यांचं. त्याची मूठ इतकी आखूड की करंगळी हवेत राहते. मुलाने ते भाड्याने घेऊन तेही मला धरायला दिलं. नव्यात वरचा भाग तोच, फक्त मूठ लांब केली. पाचही बोटं बसतात आणि दहा गोळ्या मावतात. लपवायला पातळ, धरायला पुरेसं. कोणीतरी माणसाचा तळवा आणि माणसाचं पोट या दोन्हींचा बारकाईने विचार करून हे बनवलं आहे. ऑस्ट्रियाचे गॅस्टन ग्लॉक पिस्तुलांकडे वळण्यापूर्वी पडद्यांच्या दांड्या बनवायचे. वस्तू घरात कुठे बसवायची याची जाण तिथूनच आली असावी, हा आपला माझा अंदाज.

दुसरी गोष्ट. याला बाहेरून खटका नाही. सेफ्टी म्हणजे चापाच्या पोटात बसवलेली एक छोटी जीभ. बोट नीट चापावर ठेवलं की ती दबते आणि चाप ओढला की पिस्तूल झडतं. "म्हणजे बोट हीच सेफ्टी?" मी विचारलं. तो म्हणाला, "बोट आणि होल्स्टर." मला ते आवडलं नाही, आजही आवडत नाही.

सात यार्डांवर, म्हणजे एकवीस फुटांवर, कागदी माणूस टांगला. माझ्या वयाच्या माणसाची गंमत अशी की पुढचा पांढरा ठिपका स्पष्ट दिसायला चष्म्याची खालची काच लागते आणि कागदी माणूस दिसायला वरची. दोन्ही एकदम मिळत नाहीत. मुलगा म्हणाला, ठिपका बघा, माणूस धूसर राहू द्या. हे वाक्य त्याने सहज उच्चारलं. मला मात्र क्षणभर त्याच्याकडे वळून बघावंसं वाटलं. तोंड समोर ठेवायचं असल्यामुळे वळलो नाही.

चाप ओढला. हलकं पिस्तूल जोरात उडतं. अब्बांची बंदूक खांद्याला ढकलायची, म्हशीने ढोसावं तशी. हे मनगटावर चापट मारतं, झटकन, आणि तोंड छताकडे जातं. पहिली गोळी कागदी माणसाच्या डाव्या मांडीपाशी लागली. दुसरी, तिसरीही खाली डावीकडेच. पाचवीला रिकामी पुंगळी पुरती बाहेर न पडता स्लाइडमध्ये उभी अडकली. मला वाटलं पिस्तूल बिघडलं. मुलाने ती झटकून काढली आणि सांगितलं की दोष माझ्या मनगटाचा. मनगट ढिलं पडलं की स्लाइडला मागे जायला टेकू मिळत नाही आणि पुंगळी अडकते. एक गरम पुंगळी उडून छातीवर आपटली तेव्हा मी नाचलोही, पण पिस्तुलाचं तोंड समोरच ठेवलं याची नोंद व्हावी.

मग त्याने एक युक्ती केली. माझ्या नकळत मॅगझिनमध्ये दोन नकली गोळ्या मिसळल्या. मी नेम धरला, चाप ओढला आणि बार झालाच नाही, तरी माझ्या हाताने पिस्तूल इंचभर खाली दाबलं. आवाज नाही, धक्का नाही आणि माझा हात स्वतःहून दचकलेला. "गोळ्या खाली का जातात, समजलं?" तो म्हणाला. धक्का बसायच्या आधीच मी तो सोसायला लागलो होतो.

हे फक्त नेमबाजीबद्दल आहे असं मला त्या वेळी वाटलं.

पन्नास गोळ्यांच्या खोक्यातल्या शेवटच्या दहांपैकी सहा माझ्या कागदाच्या छातीत लागल्या. आनंद झाला. तो आनंद लपवावा लागला, आणि तो लपवावासा वाटला हेही इथे लिहून ठेवतो.

नंतर मुलाने चालवलं. सात यार्डांवर त्याची सगळी भोकं माझ्या तळहाताखाली झाकली. पंधरा यार्डांवर ती ताटभर पसरली. परवान्याच्या परीक्षेत तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून पन्नास गोळ्या झाडाव्या लागतात. २५० पैकी १७५ गुणांना पास, त्याला २४१ होते. मी म्हटलं, "कागद हलत नाही. कागदाच्या मागे तीनशे माणसं सजद्यात नसतात. ते नऊ गुण कोणाला लागतील?"

तो बराच वेळ मॅगझिन पुसत राहिला. मग म्हणाला, "म्हणूनच दर शनिवारी येतो."

परतीच्या वाटेवर आम्ही क्राइस्टचर्चबद्दल बोललो. तीन महिनेच झाले होते. १५ मार्च, शुक्रवार, दोन मशिदी, ५१ माणसं. त्याने पिस्तूल घेतलं ते त्यानंतर. टेक्साससुद्धा कोरडं नाही. २०१७ च्या जानेवारीत व्हिक्टोरिया गावातली मशीद जाळली, त्याच वर्षी नोव्हेंबरात सदरलँड स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये २६ बळी गेले. मी त्याला लिनवूड मशिदीतल्या अब्दुल अझीझची आठवण दिली. हा मूळचा अफगाण माणूस कार्डाने पैसे घ्यायचं यंत्र हातात घेऊन हल्लेखोरावर धावून गेला आणि त्याला पळवून लावलं. "त्याच्याजवळ कुठे पिस्तूल होतं?" मी विचारलं.

"त्याने हल्लेखोराने टाकलेली बंदूक उचलली होती, अब्बा. चाप ओढलाही. ती रिकामी निघाली."

एसीचा आवाज तेवढा येत राहिला. माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आणि त्यानेही जिंकल्यासारखं काही केलं नाही. थोड्या वेळाने त्याने आजोबांच्या बंदुकीचं विचारलं, ती अजून ठाण्यात असेल का. मी म्हटलं, गंजून गेली असेल.

मी शेवटचा प्रश्न ठेवला होता तो नातीचा. ती पाच वर्षांची, मला दादा म्हणते. घरात हे असताना ती? तो म्हणाला, दारातून आत आलो की आधी तिजोरी, मग बूट. आणि खरंच, पुढचे दहा दिवस मी मुद्दाम लक्ष ठेवून होतो. एकदाही त्याचा क्रम चुकला नाही. तिजोरीचं दार बंद झाल्याचा आवाज ऐकल्याशिवाय माझा चहा घशाखाली उतरत नसे.

रेंजवरून निघण्यापूर्वी त्याने मला दोनदा साबणाने हात धुवायला लावले होते, गोळ्यांचं शिसं हाताला राहतं म्हणून. मला काळजी वेगळीच होती. विमानतळावर हाताला आणि बॅगेला कापडाची पट्टी फिरवून स्फोटकांचा अंश तपासतात. माझी दाढी, माझं नाव आणि त्यावर बंदुकीच्या दारूचा वास. मी घरी आल्यावर लगेच पँट धुवायला टाकली, बूट ओल्या फडक्याने पुसले. ही म्हणाली, खून करून आल्यासारखं काय चाललंय? शर्ट मात्र खुर्चीवर राहिला, खिशातला चष्मा काढायचा होता म्हणून.

संध्याकाळी नात दिवाणखान्यात भातुकली मांडून बसली होती. माझ्या खिशात चॉकलेट शोधायची तिला सवय. त्या दिवशी चॉकलेट नव्हतं. तिने बाहुलीपुढे बशी ठेवली होती आणि बशीत एक छोटा, चकचकीत पितळी ग्लास.

"दादा, च्या," ती म्हणाली आणि तो माझ्यापुढे धरला.

नऊ मिलिमीटरची पुंगळी होती. छातीवर आपटलेली ती खाली पडली असंच मी समजलो होतो.

मुलगा सोफ्यावर बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, बोलला काही नाही. उठून त्याने ती तिच्या हातातून घेतली, तिला कडेवर उचललं आणि बेसिनशी नेऊन तिचे हात साबणाने धुतले. दोनदा.