कुंदगोळची रात्र

गोव्यात ‘म्युझिक फेस्टिव्हल’ म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर हटकून सनबर्न येतो. २००७ साली कांदोळीच्या किनाऱ्यावर सुरू झालेला तो गोंगाट. मी त्याला नावं ठेवत नाही, तरुण पोरांना नाचायला काहीतरी हवंच. पण आमच्यासारख्यांचे महोत्सव वेगळे. कला अकादमीतला केसरबाईंच्या नावाचा समारोह आणि डिसेंबरात पुण्याचं ‘सवाई’. रातराणी बसने अंग आंबवत पुण्याला जायचं, स्वेटर-कानटोपी घालून मांडवात बसायचं आणि पहाटे भैरवी ऐकून बाहेर पडायचं, असं आम्ही दोघा मित्रांनी कित्येक वर्षं केलं.

पुढे ती पहाट गेली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर बंद केला. राज्य सरकारला वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देता येते, एवढंच. नियम वाईट आहे असं मी म्हणणार नाही. आजारी माणसाच्या खिडकीखाली ढणढणणारा डीजे मीही ऐकला आहे. पण त्या नियमाखाली आपल्या जत्रेतली पहाटेपर्यंत चालणारी नाटकं आली आणि सवाईची शेवटची रात्रही आली. ज्यांचं गाणं वेळेशी बांधलेलं आहे त्यांचं यात फार नुकसान झालं. दरबारी, मालकंस घाईघाईने का होईना, गाता येतात. पण सोहनी, ललत, भटियार? ते त्या त्या प्रहरी समोर बसून ऐकणं संपलंच. आज तिशीत असलेल्या कितीतरी रसिकांनी ललत फक्त मोबाईलवर ऐकलाय, तोही दुपारी.

तर माझा हा मित्र. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. लहानपणी आठ-दहा वर्षं गाणं शिकला, मग बँकेत लागला आणि गाणं ऐकण्यापुरतं उरलं. ऐकणारा मात्र असा की मैफलीत त्याच्या शेजारी बसलं तर आपल्याला दुप्पट कळतं. दोन वर्षांपूर्वी त्याचा डावा कान गेला. उजव्यालाही वरच्या पट्टीतले आवाज कमी येऊ लागले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे थांबणारं नाही. त्याने यंत्र घेतलं. बोलणं ऐकायला ते उत्तम, पण गाण्यात पंचाईत. एकसारखा लांबलेला सूर यंत्राला कधीकधी स्वतःचीच शिट्टी वाटते आणि ते तो दाबायला बघतं! लांबलेला षड्ज मध्येच थरथरतो म्हणे. वैतागून तो म्हणाला, “एक पुराय रात माका आयकूंक जाय. यंत्र काडून.”

म्हणून कुंदगोळ.

हुबळीपासून वीसेक किलोमीटरवरचं हे गाव. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, इथले. १८८६ ते १९५२. मातृभाषा कानडी आणि नाव गाजलं ते मराठी रंगभूमीवर, स्त्रीभूमिकांत. बालगंधर्वांच्या सव्वापट म्हणून ‘सवाई’. गुरू अब्दुल करीम खाँ. आपल्या केसरबाईही वयाच्या आठव्या वर्षी कोल्हापुरात याच खाँसाहेबांकडे आठ महिने शिकल्या होत्या. पुढे त्या अल्लादिया खाँसाहेबांकडे गेल्या आणि गोव्याचं गाणं जयपूरच्या वाटेला लागलं. नाहीतर काय झालं असतं, हा आमच्या गाडीतला नेहमीचा वाद. मित्र म्हणतो काही झालं नसतं, केसरबाई कुठेही गेल्या असत्या तरी केसरबाईच झाल्या असत्या.

शनिवारी सकाळी फोंड्याहून निघालो. पाऊस ओसरत आला होता, पण अनमोडच्या घाटात धुकं होतंच आणि रस्त्याबद्दल न बोललेलं बरं. रामनगर, अळणावर करत धारवाडला पोचेपर्यंत झाडी मागे पडून काळी माती सुरू झाली. या टापूचं मला नेहमी नवल वाटतं. धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर, हुबळीच्या गंगूबाई, गदगकडचे भीमसेन, बेळगावजवळच्या सुळेभावीचे कुमार गंधर्व. कोणत्या विहिरीचं पाणी पीत होती ही माणसं? मन्सूरांच्या घरी डोकावलो, लाईन बाजारातून पेढे घेतले आणि निघालो.

गंगूबाई हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला शिकायला येत आणि शिकवणी संपली की परतीच्या गाडीने घरी जात. भीमसेन गुरुगृही राहून पाणी भरत होते. आम्ही वाटेत मुद्दाम त्या स्टेशनवर थांबलो. लहानसं स्टेशन. बघण्यासारखं तिथे काही नाही, तरी पंधरा मिनिटं बसलो.

सवाईंच्या पुण्यतिथीनिमित्त इथे नाडगीरांच्या वाड्यात गाणं होतं. पुण्याच्या मांडवात हजारोंनी माणसं आणि बाहेर खाण्याचे स्टॉल. इथे सतरंजी, लाकडी खांब आणि हाताच्या अंतरावर गवई. दारात एक वयस्क गृहस्थ उभे होते. आम्ही गोव्याहून आलो म्हटल्यावर कानडी हेल काढत मराठीत म्हणाले, “या या, पुढं बसा, लांबून आलाय तुम्ही.” मित्राच्या कानाची गोष्ट त्यांना सांगितली, तर त्यांनी त्याला थेट तंबोऱ्यांपाशी नेऊन बसवलं.

तंबोरे लावणं सुरू झालं. जवारी नीट जुळली की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार आपोआप उमटतो, हे गाणं ऐकणाऱ्यांना ठाऊक आहेच. मित्राने यंत्र खिशात टाकलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, “गांधार आयकूंक येता तुका?” मला येत होता. तो थोडा वेळ मान खाली घालून बसला. “माका ना,” म्हणाला.

यावर काय बोलायचं असतं? मी काहीच बोललो नाही.

रात्र चढत गेली. कोण काय गायलं त्याची यादी देत बसत नाही. बागेश्री झाला, एका तरुण गायिकेने मालकंस असा सावकाश उलगडला की किराण्याची बढत म्हणजे काय ते पुस्तकाशिवाय कळावं. दोनच्या सुमारास चहा आणि गिरमिट आलं. लहान पोरं आयांच्या मांडीवर झोपली होती, म्हातारे भिंतीला टेकून डोळे मिटून होते. ते झोपलेत असं वाटावं, आणि समेवर मात्र बरोबर मान हले.

मित्र मात्र टेकला नाही. उजवा कान पुढे करून, पाठ ताठ ठेवून बसलेला. मला वाटत होतं, याला अर्धंच ऐकू येतंय, उगाच शिक्षा करून घेतोय. मग पहाटे एका मध्यमवयीन गवयांनी ललत धरला. दोन्ही मध्यम जवळजवळ येतात ती जागा आली आणि ते शुद्ध मध्यमावर टेकायच्या क्षणभर आधीच मित्राचा हात उठला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा गवयांच्याही ते लक्षात आलं. पुढली जागा त्यांनी सरळ त्याच्याकडे बघत घेतली.

नंतर चूळ भरताना मी विचारलं, नक्की काय ऐकू येत होतं? म्हणाला, “गळा ऐकू येतो रे. वरची झिलई गेली. पण सूर कुठे लागायला पाहिजे ते आत आहेच ना, तिथे तो येऊन बसला की कळतं. मोबाईलवर नाही कळत हे. समोर माणूस लागतो.” मग जरा थांबून, “आणि वेळ लागते. हाच ललत दुपारी गायला असता तर मी चुकलो असतो.” हे शेवटचं मला पटलंय असं नाही. त्याने वाद घालायची संधीही दिली नाही, यंत्र खिशातच ठेवून गाडीत बसला. आता बोलून उपयोग नव्हता.

पुण्यात समारोपाला सवाईंची भैरवीची ध्वनिमुद्रिका लावतात. आयुष्याच्या अखेरीस पक्षाघाताने सवाईंचं गाणं थांबलं होतं, तेव्हा आपल्याला ऐकायला उरल्या त्या मोजक्या तबकड्याच. माझ्या गाडीत त्या होत्या. हुबळी सोडल्यावर मी विचारलं, लावू का? त्याने हातानेच नको म्हणून सांगितलं. अळणावरला इडली खाताना यंत्र कानात घातलं आणि पहिलं वाक्य बोलला ते असं, “फुडल्या वर्सा एक दीस आदीं येवया. तंबोरे लायतात तेन्ना हांगा आसूंक जाय.”