जगलेल्या लिलीची गोष्ट

१९७८ साली राजश्रीच्या छत्राखाली हिरेन नाग यांनी ‘अँखियों के झरोखों से’ हा चित्रपट काढला, आणि सचिन पिळगावकर या आपल्या मराठी मुलाने, वयाची एकविशीही पुरी झालेली नसताना, त्यात अरुणची भूमिका केली. कॉलेजातली चढाओढ, तिच्यातूनच उमललेली प्रीती आणि मग एकाएकी नायिका लिली हिच्या रक्तात उघडकीस आलेला कर्करोग, एवढीच ती कथा. परंतु रवींद्र जैनांच्या सुरावटींनी तिला जे आर्त माधुर्य दिले, त्यामुळे एका पिढीच्या मनात कोवळे प्रेम आणि अकाली मरण यांची जणू कायमची सोयरीक जुळून गेली.

पुढे २०२० च्या जुलैत ‘दिल बेचारा’ आला. जॉन ग्रीन यांच्या कादंबरीतील प्रेमकथा हॉलिवूडमार्गे जमशेदपुरास येऊन पोहोचली होती. किझी प्राणवायूचे नळकांडे सोबत घेऊन हिंडते आणि मॅनीचा एक पाय कर्करोगाने हिरावून नेलेला असतो. नायकाचे काम केलेला सुशांतसिंह राजपूत चित्रपट लोकांपुढे येण्याच्या महिनाभर आधीच हे जग सोडून गेला होता, त्यामुळे पडद्यावरचा शोक आणि पडद्यामागचा शोक वेगळे करणे त्या दिवसांत कोणासही साधले नाही. तरीही मला या दुसऱ्या चित्रपटाचे मोल अधिक वाटते ते निराळ्या कारणासाठी. अरुण निरोगी आणि लिली आजारी, म्हणून त्यांच्या प्रेमात, कितीही निर्मळ असले तरी, देणारा आणि घेणारी असा भेद शिरतोच. किझी आणि मॅनी मात्र एकाच दुखण्याच्या वाटेवरचे सहप्रवासी असल्यामुळे कोणी कोणावर उपकार करीत नाही.

अहमदपुरास राहून हे चित्रपट पाहणाऱ्याला त्यांतील मरणापेक्षाही दुसरीच एक गोष्ट अचंबित करते, आणि ती म्हणजे या मुलींचा आजार चारचौघांना ठाऊक असतो. बालाघाटच्या माळावर, नागपूर-तुळजापूर रस्त्याच्या काठी वसलेल्या आमच्या या तालुक्याच्या गावातून एस.टी.ने लातुरास आणि तेथून बार्शीस, किंवा लातूरच्या गाडीने थेट मुंबईस परळला टाटा रुग्णालयात रुग्ण जातात. त्यांत एखादी अकरावीतली लेक असली, की शेजारी एवढेच कळते, की पोरीला मामाकडं ठेवलंय. त्या आईबापांना दोष देण्यास माझी जीभ रेटत नाही. उपवर होत चाललेल्या मुलीच्या नावापुढे एकदा ‘मोठा आजार’ लागला, की तो गावाच्या दप्तरातून खोडून काढण्याचा अधिकार कोणत्याच कचेरीस नसतो, हे त्यांना पक्के ठाऊक असते. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाला नर्गिस दत्त यांचे नाव आहे. १९८१ च्या मे महिन्यात स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेलेल्या त्या अभिनेत्रीचा आजार सगळ्या देशाला ठाऊक होता, आणि तिचेच नाव छापलेला कागद आमच्याकडच्या घरांत ट्रंकेच्या तळाशी लपवावा लागतो, याची खंत मला वारंवार वाटते.

आणि आता तर काळही पालटला आहे. मुलांना होणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचा जो प्रकार सर्वांत अधिक आढळतो, त्यावर दोन-अडीच वर्षांचे उपचार मुदतीआधी न सोडता पुरे केले, तर बहुसंख्य मुले बरी होतात. घात होतो तो पुष्कळदा पैका संपल्याने, शेतीची कामे अडल्याने किंवा केस उगवले म्हणजे पोर बरी झाली असे समजून उपचार अर्ध्यावर टाकल्याने. हे दोन-अडीच वर्षांचे कंटाळवाणे, ओकाऱ्यांचे, रक्ततपासणीच्या तारखांचे आयुष्य चित्रपटाला रुचत नाही. त्याला मृत्यू हवा असतो, कारण मृत्यू कथेचा फैसला एका प्रसंगात करून टाकतो. जगलेली लिली मात्र वर्ष-दोन वर्षे मागे पडून पुन्हा वर्गात बसते, मैत्रिणी पुढे निघून गेलेल्या असतात, आणि यथाकाल घरात सोयरिकीची बोलणी सुरू होतात. खरी प्रेमकथा मला येथून पुढे दिसते.

माझ्या मनातल्या त्या प्रेमकथेच्या चित्रपटात मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोर, चुलत्याने डोळ्यांनी दटावलेले असतानाही, ती स्वतः उठून ट्रंकेतली फाईल आणील आणि मुलाच्या हाती देईल. मुलाची आई पदर सावरून दाराकडे पाहू लागेल. आणि तो मुलगा, पाने चाळून झाल्यावर, पहिला प्रश्न विचारील तो हा, की बार्शीला तुमच्यासोबत कोण असायचं. तिने काय उत्तर दिले, आणि मग त्या घरी आणि त्या गावी काय काय झाले, हे सांगायला पुरते तीन तास लागले तरी चालतील. असा चित्रपट कोणी मराठीत काढला, तर मी लातुरास त्याच्या पहिल्या खेळाला जाईन, आणि ज्यांनी आपल्या लेकी मामाकडे ठेवल्या होत्या त्यांनाही आग्रहाने सोबत नेईन.